थंडी पडली की भाडेकरूंचे गरम पाणी बंद होते: दरवर्षी परतणाऱ्या तक्रारीचे निवारण

परभणीतील आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहते आणि वरच्या चार खोल्यांत शिकणारी मुले राहतात. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा दोनशे लिटरचा सोलर आहे, तळमजल्याच्या न्हाणीघरात पंधरा लिटरचा गिझर आहे, आणि मी स्वतः दोन गल्ल्या सोडून राहते. डिसेंबरचा मध्य उलटून उत्तरेचे वारे सुटले आणि पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरला, की सकाळी साडेसहाच्या सुमारास फोन ठरलेला असे: “काकू, पाणी गरमच येईना गेलंय.” सलग तीन हिवाळे मी हा थंडीचाच दोष आहे असे धरून चालले, प्लंबरला बोलावून नळ्या बदलून घेतल्या, आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागले की दुरुस्ती लागू पडली असे समजून स्वस्थ बसले. चौथ्या वर्षी प्रत्येक फोनची वेळ, खोली आणि गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवली, तेव्हा लक्षात आले की त्या एका वाक्यामागे निदान पाच निरनिराळे बिघाड लपलेले होते आणि त्यांपैकी बहुतेक वर्षभर तसेच होते. उन्हाळ्यात गरम पाणी कोणी मागत नाही, म्हणून ते दिसत नव्हते, इतकेच.

म्हणून प्लंबरला फोन करण्याआधी भाडेकरूकडून तक्रार नेमकी करून घ्यावी. पाणी अगदी थंड येते की कोमट, एकाच नळाला येते की सर्व नळांना, सोलरचे आहे की गिझरचे, आणि आदल्या दिवशी टाकी रिकामी झाली होती का, एवढे चार प्रश्न विचारले तरी अर्धे निदान घरबसल्या होते. एकाच न्हाणीघरात अडचण असेल तर सोलरवर चढण्याचे कारण नाही, आणि चारही खोल्यांत एकाच दिवशी पाणी थंड झाले असेल तर एखादा नळ बदलून काही साधणार नाही.

सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी तक्रार गिझरची असते. माझ्या तळमजल्यावरील भाडेकरूंनी एका वर्षी गिझर नादुरुस्त झाल्याचे ठामपणे सांगितले, कारण पूर्वी दहा मिनिटांत तापणारे पाणी आता वीस मिनिटे घेत होते. प्रत्यक्षात गिझर ठणठणीत होता. एप्रिलमध्ये गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी मुळातच बत्तीस अंशांच्या आसपास असते, तेव्हा ते पन्नास अंशांपर्यंत नेण्यास २ किलोवॅटच्या गिझरला नऊ-दहा मिनिटे पुरतात. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी पंधरा अंशांचे असते, आणि पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज आणि अठरा मिनिटे लागणारच. त्यातच विजेचा दाब कमी असेल तर वेळ आणखी लांबते, कारण दाब २३० वरून १९० व्होल्टपर्यंत उतरला की त्याच कॉइलची ताकद जवळपास दोन तृतीयांशच उरते आणि अठराची सत्तावीस मिनिटे होतात. हा हिशेब मी कागदावर लिहून गिझरच्या बटणाशेजारी चिकटवला आहे, आणि त्यानंतर त्या न्हाणीघरातून फोन आलेला नाही.

वेळ याहूनही अधिक लागत असेल, गिझरमधून पाणी उकळल्यासारखा खदखदणारा आवाज येत असेल किंवा नळातून पांढरे कण पडत असतील, तर मात्र दोष क्षारांचा आहे. मराठवाड्याची जमीन बेसाल्टच्या कातळावर आहे आणि येथील बोअरचे पाणी बहुधा जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम धरली आहे. वापराच्या पाण्याकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहत नाही. पाणी जितके तापते तितका त्यातील चुना लवकर खाली बसतो आणि तो नेमका कॉइलवर साचतो, त्यामुळे उष्णता पाण्यात जाण्याऐवजी कॉइलमध्येच कोंडते आणि शेवटी कॉइल जळते. बोअरचे पाणी असलेल्या घरातील गिझर दर दोन वर्षांनी दिवाळीपूर्वी उघडून घ्यावा, क्षार काढावेत आणि आतील मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास त्याच वेळी बदलावी. ही कांडी टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः गंजते, म्हणून ती संपल्यावर टाकी गळू लागते, आणि गळक्या टाकीला दुरुस्ती नाही. गिझरचा थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवला तर क्षारही कमी बसतात आणि अंगाला चटका बसण्याची भीतीही कमी होते.

आता त्या बिघाडाकडे येते, ज्याने मला सर्वांत जास्त दमवले. वरच्या मजल्यावर चारही खोल्यांना कोमट पाणी येत होते, सोलरची टाकी हाताला चटका लागेल इतकी तापलेली होती, आणि तीन निरनिराळ्या प्लंबरांनी तीन निरनिराळे भाग बदलून पाहिले होते. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, सुटीत लातूर आणि उदगीरकडची मुले गावी गेली, बाकीच्या दोघांनाही मी दोन दिवस पाणी वापरू नका असे सांगितले आणि रिकाम्या मजल्यावर स्वतःच तपास केला. गच्चीवर सोलरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवरील कॉक पूर्ण बंद केला आणि खाली एका खोलीतील गरम पाण्याचा नळ उघडला. खरे तर त्या नळातून चार थेंब पडून पाणी थांबायला हवे होते. ते अखंड वाहत राहिले, म्हणजे थंड पाणी कोठून तरी गरम पाण्याच्या पाइपमध्ये शिरत होते. मग एकेका खोलीचे कॉक बंद करत गेले, आणि तिसऱ्या खोलीचा बंद केल्याबरोबर पाणी थांबले.

त्या खोलीतील मुलाने मिक्सरच्या, म्हणजे गरम व थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, तोंडाला रबरी नळी लावून पुढे चापाचा हँडशॉवर बसवला होता, आणि अंघोळ झाल्यावर मिक्सरचे गरम व थंड हे दोन्ही कॉक तसेच उघडे ठेवून तो फक्त पुढचा चाप दाबून पाणी बंद करत असे. पुढची वाट बंद असल्यामुळे गच्चीवरील उंच टाकीतील थंड पाणी मिक्सरच्या आतून गरम पाण्याच्या पाइपमध्ये चढत होते, कारण थंड पाण्याची टाकी सोलरपेक्षा उंच असते आणि तिचा दाब जास्त पडतो. एका मुलाच्या सवयीने चार खोल्यांचे पाणी कोमट होत होते. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते आणि मलाही ठाऊक नव्हते. सोलरच्या हवेच्या नळीतून, म्हणजे वर उभ्या असलेल्या उघड्या पाइपमधून, कोणीही पाणी वापरत नसताना गच्चीवर पाणी सांडत असेल, तर हाच बिघाड आहे का हे आधी पाहावे. यावर प्रत्येक मिक्सरच्या दोन्ही बाजूंना उलट पाणी न सोडणारे वॉल्व्ह बसवून घ्यावेत. मिक्सरपुढे चाप लावलेला नसेल तर ही भानगड सहसा उद्भवत नाही, म्हणून नवीन भाडेकरू आल्यावर न्हाणीघरात त्याने काय जोडले आहे हे एकदा पाहून घ्यावे.

तळमजल्याची वेगळी रड असते की गरम पाणी येते, पण अर्धी बादली वाहून गेल्यावर. सोलरपासून खालच्या नळापर्यंत पाऊण इंची पाइप बारा मीटर असेल तर त्यात पावणेचार लिटर पाणी रात्रभर निवत पडलेले असते आणि तेच आधी येते. गरम पाण्याच्या पाइपवर जाड फोमचे वेष्टण चढवल्याने सकाळच्या पहिल्या बादलीत फरक पडत नाही, कारण रात्र मोठी असते, पण त्यानंतरच्या बादल्यांत पडतो. पहिले पाणी धुण्यासाठी वेगळ्या बादलीत धरण्याची सवय हाच त्यावर खरा उपाय.

सोलर पुरेसा तापतच नसेल तर दुपारी गच्चीवर जाऊन सावली पाहावी. परभणीच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडील एक मीटर उंच कठड्याची सावली दुपारी बाराला सुमारे एक मीटर आणि सकाळी नऊच्या सुमारास जवळपास दोन मीटर लांब पडते. मे महिन्यात ज्या जागेवर सावलीचा मागमूस नसतो तेथे जानेवारीत नळ्यांचा खालचा अर्धा भाग झाकलेला असू शकतो. शेजाऱ्याने दक्षिणेला मजला चढवला असेल किंवा आपणच तेथे नवीन टाकी ठेवली असेल, तर सोलर सरकवावा लागतो; नळ्यांवरील धूळ पुसणे एवढेच निमित्त असेल तर फडके आणि अर्धा तास पुरतो.

ज्या नळ्या मी तीन वर्षे थंडीच्या नावाने बदलत होते, त्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. दर जानेवारीत दोन-तीन नळ्या फुटत, दुरुस्तीला येणारा माणूस “थंडीने काच तडकली” असे सांगे आणि मला ते पटे. वहीत नोंदी केल्यावर दिसले की नळ्या कधीही पहाटे फुटल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी त्या दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, आणि तेही नळाला पाणी येण्याच्या दिवशी फुटल्या होत्या. आमच्या भागात रोज पाणी येत नाही. येण्याच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेलेली असते, आणि सोलरला थंड पाणी पुरवणारा पाइप इतर नळांच्या पाइपातूनच फोडलेला असल्यामुळे टाकी रिकामी झाल्यावर कोणी खालचा नळ उघडला की सोलरच्या टाकीतील पाणीदेखील त्याच वाटेने उलट खाली उतरून जाते. नळ्यांत उरलेले पाणी उन्हात वाफ होऊन आटत जाते, कोरडी पडलेली काच तापत राहते आणि नळाचे पाणी येऊन टाकी भरली की पंधरा-सोळा अंशांचे पाणी त्या धगधगत्या काचेत शिरते. तापल्या तव्यावर पाणी पडावे तसे होते आणि काच तडकते. मग जानेवारीतच का, तर उन्हाळ्यात टाकीतील पाणीच तापलेले असते आणि पाण्याच्या ओढीमुळे मी टँकर मागवून टाकी सहसा रिकामी होऊ देत नाही. हिवाळ्यात मात्र कोणी टाकीकडे पाहत नाही.

हे कळल्यावर दोन गोष्टी केल्या. सोलरला थंड पाणी देणारा पाइप टाकीपासून स्वतंत्र काढून घेतला व त्यावर उलट पाणी न जाऊ देणारा वॉल्व्ह बसवला, आणि घरातील इतर नळांना जाणारे पाणी टाकीच्या तळापासून वीतभर वरच्या भोकातून घेतले, म्हणजे खोल्यांचे नळ कोरडे पडले तरी सोलरच्या वाट्याचे पाणी टाकीत शिल्लक राहते. तरीही सोलर कधी रिकामा झालाच, तर दिवसा तो भरू नये. कॉक बंद ठेवून संध्याकाळी नळ्या निवल्यावर किंवा सूर्योदयापूर्वी पाणी सोडावे. तळमजल्याच्या काकांना मी एवढे एकच काम नेमून दिले आहे आणि ते मोठ्या निष्ठेने करतात. त्यानंतरच्या तीन हिवाळ्यांत एकही नळी फुटलेली नाही.

असे असले तरी आपल्याकडे गोठण्याने काही फुटतच नाही असे म्हणता येणार नाही. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीनुसार डिसेंबर २०१८ च्या अखेरीस किमान तापमान तीन अंशांच्याही खाली गेले होते. त्या थंडीत माझ्या दिरांच्या भाड्याने देण्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या घरावर जुना सपाट पेटीचा, काचेखाली तांब्याच्या नळ्या असलेला सोलर होता, आणि त्याची एक नळी उभी चिरली. पाणी शून्य अंशांना गोठते आणि पारा तर शून्यापर्यंत गेलाच नव्हता, मग नळी फुटली कशी, हा प्रश्न सगळ्यांना पडला. याचे उत्तर शेतकरी जाणतात: निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरील पाने हवेपेक्षाही थंड होतात आणि हवा दोन-तीन अंशांवर असतानाही हरभऱ्यावर दहिवर गोठते. आकाशाकडे तोंड करून ठेवलेली सपाट पेटी आपली उष्णता त्याच रीतीने रात्रभर वर सोडत राहते, त्यामुळे हवेचे तापमान चार-पाच अंश असतानाही तिच्यातील पाणी गोठू शकते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि तांबे उसवते. अशा नळीची गळती रात्री दिसत नाही. सकाळी नऊ-दहाला ऊन लागून बर्फ वितळला की पाणी वाहू लागते, आणि ही वेळच तिची ओळख आहे. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये दोन काचांमधील पोकळी निर्वात असल्याने आपल्या थंडीत हा धोका जवळपास नसतो.

सपाट पेटीचा सोलर असलेले घर रिकामे असेल आणि किमान तापमान पाच अंशांखाली जाण्याचा हवामान खात्याचा अंदाज असेल, तर संध्याकाळी थंड पाण्याचा कॉक बंद करून पेटीच्या तळाचा निचऱ्याचा कॉक उघडावा व पेटी रिकामी करावी, आणि पुन्हा भरायची झाल्यास ऊन चढण्याआधी भरावी. काचेच्या नळ्यांच्या बाबतीत याच्या अगदी उलट वागावे. घर महिनाभर बंद राहणार असले तरी नळ्या भरलेल्याच ठेवाव्यात आणि त्यांवर ताडपत्री टाकावी. या दोन प्रकारांची गल्लत झाल्यामुळे झालेले नुकसान मी दोन घरांत पाहिले आहे.

येथपर्यंत जे लिहिले त्यात नुकसान पैशांचे होते. गरम पाणी आले नाही की भाडेकरू स्वतःची व्यवस्था करतो, आणि तेथे जिवाशी गाठ असते. विद्यार्थी पहिल्यांदा पाणी तापवण्याचा हिटर आणतात. १५०० वॉटचा एक हिटर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. तो मोबाइल चार्जरच्या साध्या सॉकेटला लावला तर सॉकेट काळे पडते, आणि दोन खोल्यांत एकाच वेळी लावले तर एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप बंद होणारे स्विच, पडते. एमसीबी वारंवार पडते म्हणून वायरमनकडून मोठी बसवून घेणे हा अत्यंत घातक उपाय आहे, कारण मग एमसीबी पडत नाही आणि तार तापून जळते. प्रत्येक मजल्यावर जाड तारेचे एक सोळा अँपिअरचे सॉकेट, खरीखुरी अर्थिंग आणि वीज गळू लागली की ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक स्विच, एवढे मालकाने करून द्यावे. हिटर चालू असताना पाण्यात हात घालून ते तापले का हे पाहायचे नाही, ही सूचना बादली ठेवण्याच्या जागेवरच भिंतीवर लिहावी.

गॅस गिझर माझ्या घरात मी लावू देत नाही, हे स्पष्ट सांगते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावेत. थंडीत झरोका कागद लावून बुजवला जातो, बंद खोलीत ज्योतीला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपणे हाही तोच प्रकार आहे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे एका घरातील दोघा-तिघांना एकदम जाणवली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर त्याला थंडी बाधली असे म्हणू नये. दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे, ज्योत विझवावी आणि सरळ रुग्णालय गाठावे. प्रत्येक न्हाणीघराच्या झरोक्याला मी आता न मिटणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत, आणि पाहणीच्या वेळी त्यांवर कागद दिसला तर तो स्वतः काढते. मुलांना ते आवडत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहेच, तेव्हा अकरा महिन्यांच्या करारातच गरम पाण्याची व्यवस्था कोणती, तिची दुरुस्ती कोणी करायची, हँडशॉवर किंवा गॅस गिझर विचारल्याशिवाय जोडायचा नाही आणि सुटीत खोली बंद करताना मिक्सरचे दोन्ही कॉक बंद करायचे, ही चार वाक्ये घालून घ्यावीत. आमच्याकडे करार बहुधा जूनमध्ये होतात आणि त्या वेळी हिवाळा कोणाच्याच मनात नसतो, म्हणून मी दसरा ते दिवाळी यांच्या मधल्या रविवारी गच्चीवरील कॉक बंद करून वर सांगितलेली नळाची परीक्षा प्रत्येक खोलीत भाडेकरूसमोरच करते आणि वहीत दोघांच्या सह्या घेते. त्याच दिवशी सोलरच्या दोन जादा नळ्या आणि त्यांचे रबर आणून ठेवते, कारण जानेवारीत एखादी फुटलीच तर दुकानात नेमक्या त्याच मापाची मिळायला चार दिवस लागतात.